फीपेक्षा उशीर महाग पडतो

बारावीचा निकाल लागला, सीईटीचं पर्सेंटाइल हातात आलं की नव्या विद्यार्थ्यांना पैशांचे सल्ले मिळायला सुरुवात होते. बाहेरचं खाऊ नकोस. चहा कमी कर. रिक्षाने जाऊ नकोस, चालत जा. सल्ला देणाऱ्या मामू-चाचूंची नियत साफ असते. हिशेब मात्र चुकलेला असतो.

करून बघा. कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये रोज चहा-वडापावचे ४० रुपये जातात असं धरा. वर्षातले २०० दिवस कॉलेज. झाले ८ हजार. आता दुसरी बाजू. एखाद्या खासगी इंजिनिअरिंग कॉलेजची ट्यूशन फी वर्षाला १ लाख असेल आणि घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर राज्य शासनाच्या योजनेतून त्यातले ५० हजार भरले जातात. चार वर्षांचे २ लाख. एक दाखला वेळेत निघाला नाही म्हणून हे २ लाख गेले, तर ते भरून काढायला पंचवीस वर्षं चहा-वडापाव सोडावा लागेल.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे एखादा प्रोग्राम मंद चालत असेल तर कुठेही हात घालत नाहीत. आधी मोजतात, वेळ नेमका कुठे जातोय. जिथे नव्वद टक्के वेळ जातो तिथेच दुरुस्ती करायची, बाकीचं नंतर. कॉलेजच्या खर्चालाही हाच नियम लावावा असं मला वाटतं. दरवर्षी जून-जुलैमध्ये ओळखीतल्या मुलामुलींचे फोन येतात, आणि त्यातून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. आपण ज्याला 'पैसे नाहीत' म्हणतो, ते कितीतरी वेळा 'कागद वेळेत नाही' असं असतं.

याची किंमत साधी नाही. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२०-२१ मध्ये देशातल्या उच्च शिक्षणात मुस्लिम विद्यार्थी ४.६ टक्के होते. २०११च्या जनगणनेनुसार लोकसंख्येत आपला वाटा १४.२ टक्के आहे. या दरीची कारणं अनेक आहेत आणि सगळी आपल्या हातात नाहीत. पण जो मुलगा, जी मुलगी बारावी पास होऊन कॉलेजच्या दारापर्यंत पोहोचली, ती तिथून एका दाखल्यापायी मागे फिरू नये, एवढं तर आपल्या हातात आहे.

कुठली सीट घेता, यावर चार वर्षं ठरतात

इंजिनिअरिंग, फार्मसी, एमबीएसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांना राज्यात सीईटी सेलची केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया असते. तिला सगळे कॅप राउंड म्हणतात. ज्या फी सवलतीचा मी वर उल्लेख केला, ती राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना. बोलीभाषेत ईबीसी. ती कॅपमधून प्रवेश घेणाऱ्यालाच मिळते. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्था पातळीवर घेतलेल्या सीटला मिळत नाही.

म्हणून कॅपचे राउंड चालू असताना 'आताच पैसे भरा, नाहीतर सीट जाईल' असं सांगणाऱ्या एजंटपासून सावध राहा. घाबरलेला बाप मुलाचं वर्ष जाऊ नये म्हणून दागिने मोडतो आणि मॅनेजमेंटची सीट घेतो. दोन आठवड्यांनी तशाच दर्जाच्या कॉलेजात कॅपमधून नंबर लागलेला असतो. घाईची किंमत पहिल्या वर्षापुरती नसते, ती चारही वर्षं भरावी लागते.

खासगी व्यावसायिक कॉलेजची फी कॉलेज मनाने ठरवू शकत नाही. राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ती मंजूर करतं आणि कॉलेजनिहाय आकडे प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर असतात. ऑप्शन फॉर्म भरण्याआधी आपल्या यादीतल्या प्रत्येक कॉलेजचा आकडा तिथे पाहा. फीव्यतिरिक्त 'डोनेशन' मागणं तर १९८७च्या कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. जे काही भराल त्याची पावती घ्या. पावती मिळत नसेल तर ते पैसे फी नसतात.

प्रवेश घेतल्यावर दुसरीकडे चांगली सीट मिळाली, तरी पहिले पैसे बुडाले असं समजू नका. ठरलेल्या अंतिम तारखेच्या आत प्रवेश रद्द केला तर एआयसीटीईच्या नियमानुसार जास्तीत जास्त १ हजार रुपये कापून बाकीची फी परत द्यावी लागते. मूळ कागदपत्रं कॉलेजने अडकवून ठेवायची नाहीत, हाही नियम आहे. अर्ज लेखी करा आणि पोच घ्या.

अल्पसंख्याक दर्जाच्या कॉलेजांचा पर्यायही विसरू नका. भायखळ्याचं अंजुमन-ए-इस्लामचं साबू सिद्दीक हे त्यातलं जुनं नाव. राज्यातल्या अशा तंत्रशिक्षण संस्थांत ५१ टक्के जागा त्या त्या अल्पसंख्याक समाजाच्या विद्यार्थ्यांसाठी असतात. तिथे कटऑफ वेगळा लागतो. अर्ज भरताना अल्पसंख्याक हा रकाना भरला नाही, तर ही संधी न कळताच निघून जाते.

'आपल्याला काही मिळत नाही'

हे वाक्य आपल्याकडे फार चालतं. त्यामागे खरी निराशा आहे. २०१४ मध्ये राज्यात मुस्लिमांसाठी ५ टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला, उच्च न्यायालयाने शिक्षणातल्या आरक्षणाला स्थगिती दिली नाही, तरी त्याचा कायदा झाला नाही आणि अध्यादेश बाद झाला. ती मागणी जिथे लढवायची तिथे लढवली पाहिजे. पण त्यामुळे जे आज कायद्याने आहे तेही मागायचं नाही, असा अर्थ आपण काढून बसलोय. ते आपलंच नुकसान आहे.

तुमच्या घराला यातला कुठला दरवाजा लागू होतो, ते शांतपणे पाहा.

पहिला ओबीसीचा. राज्याच्या ओबीसी यादीत तांबोळी, बागवान, पिंजारी, मोमीन, अत्तार अशा अनेक मुस्लिम जमाती आहेत. भटक्या-विमुक्तांच्या यादीतही काही आहेत. अडचण एकच असते. शाळेच्या रजिस्टरला जातीच्या रकान्यात गुरुजींनी नुसतं 'मुसलमान' लिहिलेलं असतं. ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा वडिलांकडच्या रक्तनात्यातला पुरावा मागतात. भटक्या-विमुक्तांसाठी ती तारीख २१ नोव्हेंबर १९६१ आहे. मग दादा-परदादांची शाळेची नोंद, गावच्या कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद, जुनं खरेदीखत, उर्दू शाळेचं जनरल रजिस्टर असं शोधत जावं लागतं. याला महिने लागतात. त्यानंतर जात पडताळणी समितीकडून वैधता प्रमाणपत्र. व्यावसायिक प्रवेशाला तेही लागतं, आणि त्यालाही वेळ जातो. म्हणून हे काम अकरावीतच सुरू व्हायला हवं. बारावीच्या निकालानंतर सुरू केलं तर जमेलच याची खात्री नाही.

ओबीसीला सोबत नॉन-क्रीमीलेअर दाखला लागतो. मर्यादा ८ लाखांची आहे, पण या मोजणीत नोकरीचा पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. आईवडिलांच्या सरकारी पदाचा दर्जा वेगळा तपासतात. 'अब्बा शिक्षक आहेत, पगार जास्त आहे, आपल्याला कुठे मिळणार' असं घरीच ठरवून टाकू नका. तहसील कार्यालयात विचारा.

दुसरा ईडब्ल्यूएसचा. जे कुठल्याच आरक्षित प्रवर्गात येत नाहीत आणि ज्यांचं उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे, त्यांच्यासाठी २०१९च्या १०३व्या घटनादुरुस्तीनंतर १० टक्के जागा आहेत. त्यात धर्माची अट नाही. शेख, सय्यद, पठाण, खान ही आडनावं पाहून 'आपण ओपन' म्हणत सोडून देणारी घरं मी पाहिली आहेत. अल्पसंख्याक दर्जाच्या संस्थांना मात्र हे आरक्षण लागू नाही, हे लक्षात ठेवा.

तिसरा मुलींचा. शैक्षणिक वर्ष २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ आहे. प्रवेश कॅपमधून हवा, आणि अभिमत व खासगी विद्यापीठं यात येत नाहीत. आता विचार करा. ज्या घरात भावाची फी भरायची म्हणून बहिणीला 'तू बीए कर, जवळच्या कॉलेजात' असं सांगतात, त्या घरात एका दाखल्याने केवढा फरक पडतो. तिची फी शून्य होते. मग तिला थांबवायला फीचं कारण उरत नाही. उरलंच तर ते दुसरं कुठलं तरी कारण असतं, आणि त्याबद्दल घरात उघडपणे बोलता येतं.

चौथा ईबीसीचा, वर सांगितलेला ५० टक्के सवलतीचा. एका कुटुंबातल्या दोन अपत्यांपर्यंत तो मिळतो. याखेरीज उच्च आणि व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी राज्याची वेगळी शिष्यवृत्तीही महाडीबीटी पोर्टलवर आहे. कुठल्या दोन योजना एकत्र चालतात आणि कुठल्या नाहीत, हे पोर्टलवर योजनेखालीच लिहिलेलं असतं. वाचून मगच अर्ज करा.

उत्पन्नाचा दाखला सगळ्यांनाच लागतो. तो साधारण ३१ मार्चपर्यंत चालतो, म्हणून एप्रिल उजाडला की नवा काढायला टाका. हे दाखले आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून निघतात. त्यांच्या प्रतिज्ञापत्रासाठी स्टॅम्प पेपर लागत नाही, साधा कागद चालतो. दाखला किती दिवसांत द्यायचा हे २०१५च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली ठरलेलं आहे, उशीर झाला तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. 'उद्या या' असं तिसऱ्यांदा ऐकायला मिळालं, की आवाज न चढवता या कायद्याचं नाव घ्या आणि अर्जाचा क्रमांक पुढे करा.

पैसे नेमके कुठल्या खात्यात येणार?

अर्ज मंजूर झाला आणि पैसे आलेच नाहीत, ही तक्रार नेहमीची. बहुतेक वेळा कारण साधं असतं. शिष्यवृत्ती तुम्ही फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात जात नाही, आधारशी शेवटचं जोडलेल्या खात्यात जाते. शाळेत असताना उघडलेलं आणि आता बंद पडलेलं खातं आधारला जोडलेलं असेल, तर पैसे तिथेच अडकतात. बँकेत जाऊन विचारायचं वाक्य असं: 'डीबीटीसाठी माझं आधार या खात्याला सीड आहे का?' नुसतं 'आधार लिंक आहे का' विचारलं तर केवायसी झालेली पाहून 'हो' म्हणतात. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

किमान शिल्लक ठेवण्याची अट नको असेल तर बेसिक सेव्हिंग्ज खातं मागा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने प्रत्येक बँकेत ते मिळतं. आणि शिष्यवृत्तीचा अर्ज दरवर्षी नूतनीकरण करावा लागतो. दुसऱ्या वर्षी विसरणारे पहिल्या वर्षीपेक्षा जास्त असतात, कारण पहिल्या वर्षी घरातलं कुणीतरी मागे लागलेलं असतं.

अब्बांच्या कामातून येणारी मदत

आपल्याकडे गवंडी, प्लंबर, वेल्डर, रंगारी, फरशी बसवणारे, वायरमन किती आहेत हे सांगायला नको. यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसतं की वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या कामगाराला महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. नोंदीत कामगाराच्या पहिल्या दोन मुलांना शिक्षणासाठी मदत आहे. पदवीसाठी वर्षाला २० हजार, अभियांत्रिकीसाठी ६० हजार, वैद्यकीय शिक्षणासाठी १ लाख रुपये. हा पैसा बांधकामांवर बसवलेल्या उपकरातून येतो, म्हणजे तुमच्या वडिलांच्याच घामाचा आहे. नोंदणी जिवंत ठेवायची, नूतनीकरण चुकवायचं नाही, एवढंच.

घर सोडून शिकणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. वडील अल्पभूधारक शेतकरी किंवा नोंदणीकृत मजूर असतील तर ती पाहा. काही जिल्ह्यांत अल्पसंख्याक मुलींसाठी शासकीय वसतिगृहंही आहेत. सरकारी कॉलेजात प्रवेश मिळाला असेल तर तिथल्या हॉस्टेलचा अर्ज प्रवेशाच्याच दिवशी भरा. बाहेरच्या खोलीच्या दोन-तीन महिन्यांच्या भाड्यात तिथे वर्ष निघतं.

खोलीचा प्रश्न आपल्यासाठी थोडा वेगळाही आहे. नाव ऐकल्यावर 'कालच गेली' असं सांगणारे घरमालक मोठ्या शहरात भेटतात. तो अपमान गिळायला कुणी सांगू नये. पण त्या धावपळीत एजंट जे दाखवेल ते, दुप्पट डिपॉझिट देऊन घेऊ नका. सिनिअर खोली सोडतात तेव्हाच ती पुढच्या मुलांकडे जावी, अशी साखळी प्रत्येक कॉलेजात आपली मुलं बनवू शकतात. करार लेखी करा आणि डिपॉझिट खात्यावरून द्या.

फी ऑगस्टमध्ये, शिष्यवृत्ती नंतर

इथे मला विद्यार्थ्यांपेक्षा मोठ्यांशी बोलायचं आहे. सगळे कागद वेळेत झाले तरी एक अडचण उरते. फी प्रवेशाच्या वेळी द्यायची असते आणि शिष्यवृत्ती कित्येक महिन्यांनी येते. शासनाचे आदेश आहेत की सवलतीचा भाग विद्यार्थ्याकडून आधी घेऊ नये. तरी काही कॉलेजं पूर्ण फी मागतात आणि 'शिष्यवृत्ती आली की परत देऊ' म्हणतात. तंत्रशिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयात लेखी तक्रार करता येते, करावीही. पण सीट आठवड्याभरात जाणार असते तेव्हा तक्रारीच्या उत्तराची वाट पाहता येत नाही.

या मधल्या सहा-आठ महिन्यांसाठी घरं सोनाराकडे जातात. व्याजाचा प्रश्न ज्याच्या त्याच्या विवेकाचा आहे, त्यावर मी फतवा देणार नाही. पण बँकेचं शैक्षणिक कर्ज नको म्हणून दागिने गहाण टाकायचे आणि महिना दोन टक्के, म्हणजे वर्षाला २४ टक्के द्यायचे, यात व्याज टळलं कुठे? उलट बँकेच्या कर्जात ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही. हप्ते शिक्षण संपून वर्षभराने सुरू होतात. कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि कॉलेज किंवा अभ्यासक्रम नॅक-एनबीए मूल्यांकन झालेला असेल, तर व्यावसायिक शिक्षणाच्या काळातलं व्याज केंद्र सरकारच्या योजनेतून भरलं जातं. ही माहिती समोर ठेवून मग प्रत्येक घराने काय ते ठरवावं.

आणि याहून चांगला मार्ग आपल्याच परंपरेत आहे. कर्ज-ए-हसना. बिनव्याजी, परत करायचं कर्ज. प्रत्येक जमातीने, मोहल्ला कमिटीने दहा-पंधरा विद्यार्थ्यांपुरता असा फिरता निधी उभा केला तर? रक्कम थेट कॉलेजच्या खात्यात जाईल, शिष्यवृत्ती आली की विद्यार्थी ती परत करेल, पुढच्या वर्षी तेच पैसे दुसऱ्याच्या कामी येतील. लोक म्हणतात, परत कोण करतो? काही बुडतील, हे धरूनच चाला. पण मंजूर शिष्यवृत्तीच्या आधारावर दिलेले पैसे परत येण्याची शक्यता एरवीच्या उसनवारीपेक्षा जास्त असते. शिष्यवृत्ती वेळेत देणं ही शासनाची जबाबदारी आहे आणि ती मागत राहिलं पाहिजे. मागणी पूर्ण होईपर्यंत मुलांची सीट कोण वाचवणार, हाही प्रश्न आपलाच आहे.

निधी जमत नसेल तर किमान जून महिन्यात जुम्याच्या नमाजनंतर एक टेबल मांडा. त्यावर लॅपटॉप घेऊन इंजिनिअरिंगची दोन मुलं बसवा. दाखले, फॉर्म, तारखा. जलशाच्या मंडपाच्या खर्चापेक्षा हे खूप स्वस्त आहे.

आता छोटे खर्च

मोठ्या रकमा मार्गी लागल्या की मग छोट्यांकडे वळा.

लॅपटॉप प्रवेशाच्या आठवड्यात घेऊ नका. पहिल्या वर्षीचं सी किंवा पायथन कुठल्याही जुन्या संगणकावर चालतं. कॉम्प्युटरवाल्यांना पुढे १६ जीबी रॅम आणि एसएसडी पुरते. ग्राफिक्स कार्डवाला गेमिंग लॅपटॉप जड असतो, बॅटरी दोन तासांत उतरते आणि किंमत दीडपट. सॉफ्टवेअरला पैसे देऊ नका, चोरीचंही टाकू नका. जेटब्रेन्स आणि ऑटोडेस्कची सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना मोफत आहेत, गिटहबचा विद्यार्थ्यांसाठीचा पॅक आहे, लिबरऑफिस सगळ्यांनाच मोफत आहे. कॉलेजचा ईमेल आणि ओळखपत्र लागतं, बस्स.

महागडे कोर्स विकणाऱ्यांचे फोन पहिल्याच सेमिस्टरमध्ये सुरू होतात. आयआयटीच्या प्राध्यापकांची एनपीटीईएलवरची व्याख्यानं फुकट आहेत, प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेची फी. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल तर मराठीतही आहेत. इंग्रजीची भीती वाटणाऱ्या, मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांनी तिथून सुरुवात करावी.

ड्राफ्टर, वर्कशॉपचा ॲप्रन, कॅल्क्युलेटर, पुस्तकं सिनिअरकडून घ्या. पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौक आहेच. एसटीच्या विद्यार्थी पासवर ६६.६७ टक्के सवलत आहे. महिलांना मार्च २०२३ पासून एसटीच्या तिकिटात ५० टक्के सवलत आहे, पण रोजच्या प्रवासाला पासच स्वस्त. मुंबईत लोकलच्या पाससाठी कॉलेजच्या ऑफिसमधून कन्सेशन फॉर्म घ्या.

दोन गोष्टी मात्र अजिबात करू नका. मोबाइलवरच्या झटपट कर्जाच्या ॲपला हात लावू नका. लागलाच तर कर्ज देणारी संस्था रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली आहे का, हे आधी पाहा, आणि कॉन्टॅक्ट लिस्टची परवानगी मागणारं ॲप तिथेच काढून टाका. दुसरं, 'तुझं बँक खातं महिनाभर वापरायला दे, ५ हजार देतो' म्हणणाऱ्या मित्राला नाही म्हणा. त्या खात्यातून फसवणुकीचे पैसे फिरतात. पोलीस आधी ज्याच्या नावावर खातं आहे त्याच्या दारात येतात. आपल्या मुलाच्या बाबतीत ते प्रकरण किती लांबू शकतं, हे मी वेगळं सांगायला नको.

सगळ्यात महाग वस्तू

ती म्हणजे वाया गेलेलं वर्ष. त्यात वर्षाची फी जाते, वर्षाचं भाडं जातं आणि नोकरी लागल्यावरचा एका वर्षाचा पगार जातो. म्हणून खर्च भागवण्यासाठी रात्री बारापर्यंत डिलिव्हरी करणाऱ्या मुलाला माझा एवढाच प्रश्न असतो, की सेमिस्टरचे विषय सुटताहेत का? काम करण्यात कमीपणा नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' या वाटेने पिढ्या शिकवल्या, आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात त्या नावाची योजना आजही आहे. पण त्यात काम शिक्षणाच्या सोयीने बेतलेलं असतं. काम शिक्षणालाच गिळू लागलं, तर ती कमाई तोट्याची आहे. दोन विषय राहिले तर लाजून लपवू नका. विभागप्रमुखांना भेटा, सिनिअरला विचारा, जुन्या प्रश्नपत्रिका सोडवा. घरी कळू नये म्हणून कॉलेज सोडून देणारी मुलं असतात. ती नापास होऊन हरत नाहीत, एकटी पडून हरतात.

शेवटी एक जुनी गोष्ट. ज्या योजनेतून आज तुमची निम्मी फी भरली जाऊ शकते, तिला राजर्षी शाहू महाराजांचं नाव आहे. १९०६ मध्ये त्यांनी कोल्हापुरात मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन करून मुस्लिम मुलांसाठी बोर्डिंगची सोय केली. खेड्यातला मुलगा शहरात शिकायचा तर त्याच्या राहण्या-खाण्याचा खर्च कुणीतरी उचलावा लागतो, हे त्यांनी शंभरहून जास्त वर्षांपूर्वी ओळखलं होतं. त्यामुळे शिष्यवृत्तीच्या रांगेत उभं राहताना मान खाली घालू नका. ती खैरात नाही.

आज एक काम करा. घरातल्या सगळ्यात धाकट्या शिकणाऱ्या भावंडाचा शाळेचा दाखला काढा आणि जातीच्या रकान्यात काय लिहिलंय ते वाचा. तिथे नुसतं 'मुसलमान' असेल, तर दादांची शाळा कुठली होती, हे आज रात्रीच्या जेवणाला विचारा.